गाय दोन दिवसांत निम्म्या दुधावर आली, पाठ वाकवून उभी. पोटात तार गेली असेल का? चुंबक आत्ता द्यावं का?

बांधावरचा_निफाड

संकरित एचएफ (होल्स्टीन) गाय, दुसरं वेत, व्यायला दोन महिने झाले. रोजचं दूध १४ लिटर, परवा ९, आज सकाळी ६. ढेपेला तोंड लावत नाही, कुट्टी थोडी चघळते आणि सोडून देते. ताप सकाळी १०३.४. शेण थोडं आणि घट्ट. पाठ कमानीसारखी करून उभी राहते, बसताना कण्हते, आणि पुढचे कोपर बाहेर काढलेले दिसतात. पोट किंचित फुगलेलं, पण टमटमीत नाही.

चारा द्राक्षबागेतल्या बोदांवरचं (वेलीखालच्या मातीच्या वरंब्यांवरचं) गवत आणि मका, दोन्ही कडबाकुट्टीतून काढलेले. बागेत खरड छाटणी (काढणीनंतरची मोठी छाटणी) नुकतीच झाली, तारांची ओढाताणही झाली. पचनाची पावडर दोनदा गुळातून दिली आहे. डॉक्टर दुपारी ४ ला येणार आहेत. तोपर्यंत काय बघून ठेवू आणि काय करू नको? शेजारी म्हणतात चुंबक लगेच घाला. ऑपरेशनला गाय टिकते का हेही सांगा.

पशुवैद्य_दिंडोरी

दादा, पहिली गोष्ट, पावडर थांबवा. पचन वाढवणारी बहुतेक औषधं पोटाची हालचाल वाढवतात. तार असेल तर जाळीपोट (पोटाचा पुढचा छोटा कप्पा) जितकं जोरात आवळेल तितकी ती पुढे रुतते. कोरडा चारा आणि पाणी समोर ठेवा, जबरदस्तीने नळीने किंवा बाटलीने काही पाजू नका. कण्हणाऱ्या गाईला तोंड वर करून पाजलं की औषध फुफ्फुसात जातं आणि एकाच्या जागी दोन आजार होतात. वेदनाशामक गोळीही डॉक्टर बघेपर्यंत नको, कारण तपासणीत जे कण्हणं ऐकायचं असतं तेच ती झाकून टाकते.

तुम्ही लिहिलेली लक्षणं तार रुतल्याची असू शकतात, म्हणून हे नीट समजून घ्या. गाय चारा जिभेने गुंडाळून ओढते आणि अर्धवट चावून गिळते. जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात आलेली तार बाहेर थुंकणं तिला जमत नाही. शेळी ओठांनी निवडून खाते, म्हणून तिच्यात हा प्रकार फार कमी दिसतो. गिळलेली जड वस्तू जाळीपोटात येऊन बसते. ते कोटीपोटाच्या (पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्याच्या) पुढे आणि खाली असतं, आतून मधाच्या पोळ्यासारखं. दर मिनिटाला ते एकदा तरी घट्ट आवळतं, आणि त्या प्रत्येक आवळण्यात तार पोळ्याच्या भिंतीत रुतत जाते. जाळीपोटापुढे पडदा, आणि पडद्यापलीकडे लगेच हृदयाची पिशवी. मधलं अंतर काही सेंटिमीटरचंच. म्हणून सारा खेळ वेळेचा आहे. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत गर्भाशय पोटाला पुढे ढकलतं आणि विताना जोर लागतो, त्यामुळे महिनोन्‌महिने निपचित पडलेली तार नेमकी तेव्हा टोचते.

४ वाजेपर्यंत या गोष्टी बघून लिहून ठेवा.

वशिंडामागची कातडी दोन्ही हातांनी पकडून जोरात चिमटा घ्या. निरोगी गाय पाठ खाली झुकवते. तार असलेली झुकवत नाही, उलट कण्हते किंवा श्वास रोखते.

पाच-सहा फुटांचा गुळगुळीत लाकडी दांडा घ्या, दोन माणसं दोन बाजूंना. छातीचं हाड जिथे संपतं त्याच्या लगेच मागे पोटाखाली दांडा लावून हळू वर उचला आणि एकदम सोडा. तिसऱ्याने गळ्यापाशी कान लावावा. कण्हण्याचा आवाज कित्येकदा बाहेर येत नाही, तो श्वासनळीत ऐकू येतो. एका जागी न थांबता दांडा चार-चार बोटं मागे सरकवत तीन-चार ठिकाणी बघा. पुढच्या जागी दुखतं आणि मागे दुखत नाही, हा फरक महत्त्वाचा. गाय गाभण असेल आणि दिवस भरत आले असतील तर ही चाचणी स्वतः करू नका.

डाव्या भकाळीत (शेवटच्या फासळीमागच्या खोलगट भागात) मूठ दाबून दोन मिनिटं उभे राहा. पोटाची लाट दोन-तीनदा हाताखालून जायला हवी.

मान सरळ असताना दोन्ही बाजूंच्या गळशिरा बघा. बोटाएवढ्या फुगून जबड्यापर्यंत उडताना दिसल्या, किंवा पोळीला (गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीला) आणि छातीखाली सूज असून अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहिला, तर तार हृदयाच्या पिशवीपर्यंत गेली असण्याची भीती आहे. हे डॉक्टरांना फोनवर आत्ताच सांगा, ४ ची वाट बघू नका.

एक चूक नेहमी होते, म्हणून आधीच सांगतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाय थोडी खायला लागते, ताप १०२ वर येतो, आणि घरात सगळे म्हणतात बरी झाली. कण्हणं कमी झालं तरी दूध परत वर येत नाही. आत तारेभोवती चिकटे आणि पू धरत असतो. दूध जागेवर आलं नसेल तर गाय बरी झाली असं समजू नका.

अशीच लक्षणं दुसऱ्या आजारांतही दिसतात. व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत किटोसिस (अंगातली साखर कमी पडून होणारा आजार) होतो, पण त्यात ताप नसतो आणि तोंडाला गोडसर वास येतो. जास्त धान्य किंवा शिळ्या पोळ्या खाऊन झालेल्या अपचनात शेण पातळ होतं. न्यूमोनियात श्वास जोरात चालतो. म्हणूनच डॉक्टरांनी बघितल्याशिवाय शिरेतून कॅल्शियमची बाटली लावून घेऊ नका. तार हृदयाजवळ असेल तर ती बाटली जीव घेऊ शकते.

बांधावरचा_निफाड

डॉक्टरसाहेब, बघितलं. चिमट्याला पाठ झुकवली नाही. पुढच्या जागी दांडा सोडताना गळ्यात स्पष्ट कण्हली, मागच्या दोन जागी काही नाही. भकाळीत दोन मिनिटांत एकच हालचाल, तीही मऊ. गळशिरा दिसत नाहीत, पोळीला सूज नाही. ताप १०३.६.

पशुवैद्य_दिंडोरी

फोनवर सांगताना हे याच क्रमाने सांगा. गळशिरा आणि सूज नाही म्हणजे वेळ हातात आहे.

आत्ताच एक काम करा. गाय अशी बांधा की पुढचे पाय मागच्यांपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर उंच राहतील. जाड फळी किंवा दाबून घट्ट केलेली माती चालेल, विटांचा ढीग नको, पाय घसरतो. पोटातल्या सगळ्या वजनाचा जाळीपोटावरचा आणि पडद्यावरचा दाब कमी होतो आणि तार मागे सरकायला जागा मिळते. अशा स्थितीत दहा ते चौदा दिवस ठेवायचं, चालवायचं नाही. दावणीला पुरेशी दोरी सोडा, नाहीतर बसता येत नाही आणि पाय सुजतात.

मुरघासवाला_सिन्नर

चुंबकाबद्दल मी लिहितो, कारण तिथे गैरसमज जास्त आहेत.

गाईंसाठीचं चुंबक सुमारे सात सेंटिमीटर लांब आणि बोटाएवढं जाड असतं, दोन्ही टोकं गोल. जुन्या स्पीकरचं फोडलेलं चुंबक घालू नका. ते ठिसूळ असतं, तुकड्याची धार तारेइतकीच घातक. लहान ताकदवान चुंबकांचे तुकडेही घालू नका. दोन तुकडे पोटाच्या घडीच्या दोन बाजूंना येऊन एकमेकांना धरतात आणि मधली भिंत दाबून मरते.

चुंबक खरं तर आजाराआधी द्यायची गोष्ट आहे. कालवड आठ-दहा महिन्यांची झाली, कोटीपोट नीट वाढलं, की एकदाच. चारा बारा ते अठरा तास बंद ठेवून दिलं तर जाळीपोटात पोचण्याची शक्यता वाढते. भरल्या पोटी दिलं तर चाऱ्याच्या थरावर अडकून कोटीपोटात पडून राहतं. ते शेणातून बाहेर येत नाही, जन्मभर तिथेच राहतं. म्हणून प्रत्येक जनावराला एकच. कोणाला दिलं हे नक्की आठवत नसेल तर होकायंत्र डाव्या कोपरामागे, छातीच्या खालच्या भागाजवळ फिरवा. सुई वळली तर चुंबक आत आहे. दुसरं देऊ नका.

आजारी गाईत चुंबकाने उपयोग होतो, पण पोटाची हालचाल शिल्लक असेल आणि तारेचं किमान एक टोक अजून पोटाच्या पोकळीत असेल तरच. पूर्ण आरपार गेलेल्या तारेला ते मागे ओढू शकत नाही. दादा, तुमच्या गाईची हालचाल मंद आहे, तेव्हा द्यायचं की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. द्यायचं ठरलं तर जिभेच्या मुळाशी ठेवून गिळेपर्यंत थांबायचं असतं, नुसतं ढकलायचं नसतं.

चुंबक काय धरत नाही तेही लक्षात ठेवा. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, काही प्रकारचं स्टेनलेस स्टील आणि प्लॅस्टिक. बॅटरीच्या शिशाच्या प्लेटा तर वेगळाच धोका आहे. त्या टोचत नाहीत, विष भिनवतात. फवारणी पंपाची किंवा ट्रॅक्टरची जुनी बॅटरी गोठ्याच्या आसपास ठेवूच नका. जनावरं ती चाटतात, मग आंधळ्यासारखी भिंतीला डोकं लावून उभी राहतात. आणि बैलपोळ्याला ओवाळताना ताटातला दागिना बैलाने नैवेद्याबरोबर ओढला तर सोनंही चुंबकाला येत नाही. तेव्हा शेण तपासत बसण्यात अर्थ नसतो, जड वस्तू जाळीपोटातच बसते.

ताण_तार_पिंपळगाव

आता तार येते कुठून, त्यावर. गाय वाचली तरी तोच चारा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गाईसमोर जाणार आहे, म्हणून हे ४ वाजण्याआधी वाचा.

द्राक्षाच्या मांडवाच्या जाड ताण तारेची भीती कमी, ती कोणी गिळत नाही. जीव घेते ती बाइंडिंग वायर, म्हणजे बांधायची बारीक तार. ओलांडे (वेलीचे आडवे फाटे) आणि काड्या बांधताना, वाय अँगलला (मांडवाच्या लोखंडी आधाराला) तार कसताना पक्कडीने उरलेलं टोक तोडून खाली टाकायची सवय आहे. ते पाच ते दहा सेंटिमीटरचं टोक सगळ्यात वाईट. नुसतं गोल फिरत राहील यापेक्षा लांब, आणि जाळीच्या खाचेत सपाट पडून राहील यापेक्षा ताठ. दुसरं, घडांना कागद लावतानाच्या स्टेपल पिना. काढणीच्या वेळी कागद फाडून बोदावर टाकतात, कागद कुजतो आणि पिना गवतात राहतात. पिना बारीक असल्याने बऱ्याच वेळा पोटातच गंजतात, पण एकेका गवताच्या भाऱ्यात त्या डझनांनी असतात.

तिसरं, थंडीच्या शेकोट्या. निफाड भागात पारा खाली गेला की बागेत धूर करतात. त्यात टायर जाळला तर रबर जातं आणि मागे बारीक पोलादी तारांचं जाळं उरतं. वाऱ्याने आणि नांगरटीने ते तुकडे सगळीकडे पसरतात. सुईसारख्या ताठ, टोकदार. टायर जाळू नका, आधी जाळले असतील ती जागा खणून माती चाळा. मुरघासाच्या (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) खड्ड्यावर वजनाला ठेवलेल्या फाटक्या टायरांचंही तेच. कडेने तार बाहेर दिसली की तो टायर फेकायचा. त्याऐवजी वाळू भरलेल्या गोण्या ठेवा.

चौथं, गोठ्यातलाच खराटा. तारेने बांधलेला असतो, सैल झाला की तार गव्हाणीत पडते. सुतळीने बांधून घ्या.

कुट्टी यंत्र या सगळ्याला वाढवतं. हातभर तार एकच वस्तू असते, गाय कदाचित बाजूला सारते. कुट्टीतून गेली की तिचे अनेक तुकडे चाऱ्यात मिसळतात आणि मग वेगळे करता येत नाहीत. पातं खणकन वाजलं किंवा ठिणगी दिसली तर यंत्र बंद करा, पात्यावर ताजी खाच आहे का बघा, आणि तो ढीग कोणालाच घालू नका. चारा वाया गेल्याचं वाईट वाटेल, तरी नका घालू.

बागेतलं गवत कापण्याआधी एक साधं अवजार करून घ्या. एक मीटर लांब फळी, तिच्या खालच्या बाजूला भंगारातल्या स्पीकरची चार-पाच गोल चुंबकं घट्ट बसवा, दोन टोकांना दोरी. जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवून दोन ओळींमधून ओढा. कागद काढल्यावर एकदा आणि खरड छाटणीनंतर एकदा. दर ओळीच्या शेवटी हातमोजा घालून फळी पुसा. कुट्टीच्या तोंडाशी चुंबक लावायचं असेल तर चारा त्याच्यावरून सरकायला हवा. लोखंडी पत्र्याच्या खाली लावलं तर जोर पत्र्यातच जातो. चाऱ्याचा थरही पातळ हवा, चार बोटांपेक्षा जाड थरातली वरची तार चुंबकापर्यंत पोचत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय, तार बांधणाऱ्या प्रत्येक मजुराच्या कमरेला एक रिकामा डबा. तुटलेलं टोक डब्यात. संध्याकाळी डबे गोळा करून भंगारात. काड्या बांधायला तागाची सुतळी वापरली तर बराच प्रश्न मिटतो. हिरवी नायलॉनची सुतळी मात्र नको, ती पोटात विरघळत नाही.

शेळ्या-मेंढ्या बागेत सोडणाऱ्यांसाठी जाता जाता, बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) फवारलेली पानं मेंढ्यांना घालू नका. तांबं मेंढीला गाईपेक्षा फार लवकर बाधतं.

बांधावरचा_निफाड

धन्यवाद. कुट्टीचं पातं बघितलं, दोन ताज्या खाचा आहेत. ढीग वेगळा केला. डॉक्टर येऊन गेले, निदान तुम्ही म्हणालात तेच. चुंबक दिलं, प्रतिजैविक सुरू केलं, तीन दिवस बघू म्हणाले, फरक पडला नाही तर ऑपरेशन. ते कसं करतात? उभ्या गाईवर करतात हे खरं का?

पशुवैद्य_दिंडोरी

हो, उभ्या गाईवर, डाव्या भकाळीत, जागा बधिर करून. गाय शुद्धीवर असते. आधी चोवीस तास चारा आणि सुमारे बारा तास पाणी बंद ठेवतात, म्हणजे पोट रिकामं होतं आणि आतलं द्रव पोकळीत सांडण्याचा धोका कमी होतो. सुमारे एक वीत कातडी आणि स्नायू उघडतात, कोटीपोट बाहेर ओढून कातडीला तात्पुरतं शिवून घेतात, मग त्याला छेद देतात. डॉक्टरांचा हात आत जाऊन कोटीपोटातून पुढे जाळीपोटापर्यंत पोचतो. पोळ्याची प्रत्येक खाच बोटांनी चाचपावी लागते, कारण रुतलेल्या तारेचं कधीकधी फक्त टोक हाताला लागतं. तार ज्या वाटेने रुतली त्याच वाटेने मागे ओढून काढतात. मग कोटीपोट दोन थरांत, स्नायू आणि कातडी वेगळी शिवतात. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात.

वेळेत केलं तर बहुतेक गाई टिकतात. यश शस्त्रापेक्षा दिवसांवर अवलंबून असतं. पहिल्या तीन-चार दिवसांतली गाय आणि तीन आठवडे पावडरीवर काढलेली गाय यांची तुलनाच नाही. हृदयाच्या पिशवीत पू झाला असेल तर मात्र खोटी आशा कोणी देऊ नये. तिथे औषधावर पैसे घालवण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा की गाय उठेल का.

ऑपरेशननंतर निरोगी गाईच्या कोटीपोटातलं पाणी पाजतात, त्याने पोटातले जंतू परत रुजतात आणि रवंथ लवकर सुरू होतो. पहिले दोन-तीन दिवस मऊ हिरवा चारा थोडा थोडा, ढेप आठवड्यानंतर. प्रतिजैविक चालू असेपर्यंत आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका, वासरालाही नको.

तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर जिल्हा सर्वचिकित्सालयात आधी फोन करून विचारा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. गाडीतून नेताना पुढचे पाय उंच राहतील अशी माती भरून घ्या.

गोदाकाठ_पंचवटी

तारेवर सगळं आलं. शहरात मात्र धोका उलटा आहे, तिथे तारेपेक्षा पिशवी जास्त मारते. पंचवटी, भाजीबाजार, नाल्याकाठी सोडलेल्या गाईंबद्दल लिहिते, कारण त्यांना कोणी बघत नाही.

गाय प्लॅस्टिक खाते ती प्लॅस्टिकसाठी नव्हे. आपण भात, पोळ्या, भाजीचे देठ पिशवीत घालून गाठ मारतो. गाठ सोडणं तिला जमत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते. लोणच्याच्या आणि दुधाच्या पिशव्यांना खारट, आंबूस वास असतो, त्या तर चाटत चाटत जातात. महाराष्ट्रात २०१८ पासून पातळ पिशव्यांवर बंदी आहे, पण गाठ मारलेली पिशवी अजून रोज कचराकुंडीवर दिसते. उष्टं टाकायचंच असेल तर पिशवी उलटी करून मोकळं टाका, पिशवी वेगळी ठेवा. तेवढ्याने एक गाय वाचते.

प्लॅस्टिक टोचत नाही, म्हणून लक्षात येत नाही. कोटीपोटात ते गुंडाळत जातं, चाऱ्याचे धागे आणि दोऱ्या त्यात विणल्या जातात आणि घट्ट गोळा होतो. रस्त्यावरच्या गाईंच्या पोटातून वीस-तीस किलो निघाल्याची प्रकरणं आहेत. पोट भरलेलं वाटतं, पण पोषण नाही. पाठीची हाडं दिसतात आणि पोट मात्र मोठं. पोटफुगी उतरते, आठवड्याने परत येते. डाव्या भकाळीत दाबलं तर कणकेसारखं लागतं, बोटाचा खड्डा राहतो. अशा गाईला तेल, पॅराफिन, सोडा काहीही पाजलं तरी गोळा विरघळत नाही. पोटफुगीची बाटली तात्पुरता वायू काढते आणि आपल्याला वाटतं गुण आला. उपाय एकच, पोट उघडून काढणं.

ग्रामीण भागात हेच काम कांद्याच्या जाळीच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे आणि मल्चिंग पेपर करतात. टोमॅटोचे वेल जनावरांपुढे टाकण्याआधी पेपर पूर्ण ओढून काढा. ओढताना फाटलेले तुकडे वेलात गुंतून राहतात, ते हाताने सोडवा.

आणि गोठ्यातली गाय दोरी, कापड, हाडं, चप्पल चघळायला लागली तर ती खोड समजून मारू नका. स्फुरद आणि मीठ कमी पडलं की जनावर असं करतं. मोठ्या दुभत्या गाईला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ द्या, जंताचं औषध वेळेवर द्या. सवय जायला काही आठवडे लागतात, तोवर गव्हाणीत आणि आसपास गिळण्यासारखं काही ठेवू नका.

लासलगाव_शेड

ताई, यालाच जोडून विचारतो. कांदाचाळीतले (कांदा साठवायच्या शेडमधले) फेकलेले कांदे गाईंना घालतात, एखादा अख्खा कांदा घशात अडकला तर काठीने ढकलतात. ते बरोबर का?

पशुवैद्य_दिंडोरी

बिलकूल नाही. काठीने अन्ननलिका फाटते, आणि फाटलेली अन्ननलिका क्वचितच सावरते. अख्खा कांदा, बटाटा, आंब्याची कोय अडकली की लाळ सांडते, मान पुढे ताणली जाते आणि ढेकर बंद झाल्याने तासाभरात पोट फुगायला लागतं. हा तातडीचा प्रकार आहे, तार रुतण्यासारखा तीन दिवसांचा नाही. चारा-पाणी दोन्ही काढून घ्या, मान वर उचलू नका, डोकं खालच्या बाजूला राहू द्या म्हणजे लाळ फुफ्फुसात जाणार नाही, आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. फुगी जीवावर आली तर डावीकडून सुई किंवा नळी घालून वायू काढावा लागतो, पण ते काम त्यांचंच.

कांदा घालायचाच असेल तर चार फोडी करून, आणि थोडाच. जास्त कांद्याने गाईच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी कॉफीसारखी होते. नुसत्या कांद्यावर जनावर पोसू नका, मग तो चाळीत कितीही सडत असला तरी.

बांधावरचे दादा, उद्या सकाळी ताप आणि दूध दोन्ही इथे टाका. पुढचे पाय अजून उंच आहेत ना, ते रात्री एकदा बघून घ्या. गाय बसून उठली की मातीचा उंचवटा खचतो.